घरचं दूध

निगवडी गावात त्या यंत्राला 'मास्तर' म्हणत. सरकारी कागदावर त्याचं नाव भलतंच लांबलचक होतं, पण रोज दोन वेळा अख्ख्या गावाला पास-नापास करणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं? डेअरीच्या टेबलावर, वजनकाटा आणि फॅटचं मशीन यांच्या मधोमध ते मिक्सरएवढं बेणं ऐटीत बसलेलं असायचं. लोक आपापली किटली घेऊन रांगेत उभे राहायचे आणि विचारायचे, "काय गं वैजू, मास्तर खुशीत हाय न्हवं आज?"

ही वैजू म्हणजे वैजयंता मगदूम. वय छत्तीस, बोलायला फटकळ, कामाला चोख. मास्तरची सगळी उठाठेव तिच्याकडे. जिल्ह्याच्या ठिकाणी पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली गावातली ती एकटीच, आणि ते ती कुणाला विसरू द्यायची नाही.

प्रशिक्षणात शिकवलं होतं ते असं. हा विषाणू मूळचा पाणपक्ष्यांचा. तलावाच्या पाण्यातून, पक्ष्यांच्या विष्ठेतून तो जनावरांत आला आणि तिथं त्याला कास सापडली. कुठल्याही विषाणूला पेशीत शिरायचं तर दाराला कडी लागते. पक्ष्यांच्या पेशींवरच्या कड्या वेगळ्या, माणसाच्या घशातल्या वेगळ्या, म्हणून एकाचं दुखणं सहसा दुसऱ्याला होत नाही. दुभत्या जनावराच्या कासेत मात्र दोन्ही तऱ्हेच्या कड्या असतात. पक्ष्यांचा विषाणू माणसाचं दार उघडायला कुठं शिकेल, तर तिथंच. जनावर वैरण खायचं सोडायच्या आधी दोन-चार दिवस त्याच्या दुधात विषाणू उतरतो, चमचाभर दुधात कोट्यवधी. दूध उकळलं की तो मरतो. म्हणून उकळून पिणाऱ्याला फारसं भय नाही. भय आहे ते धार काढणाऱ्या हाताला, डोळ्यात उडणाऱ्या थेंबाला आणि कच्चं पिणाऱ्याला.

मास्तरचं काम इतकंच, की दुधातला तो विषाणू वेळेवर पकडायचा. आधी जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक टाकायचा, त्याशिवाय मास्तर थेंबाला तोंड लावत नसे. मग नळीत थेंब. यंत्र तो तापवून विषाणूचं कवच फोडी. आतला जनुकांचा धागा ओळखणारी रेणूंची कात्री नळीत तयारच असे. धागा सापडला की कात्री चालू लागे आणि नळी उजळे. एका वेळी चाळीस नळ्या बसत आणि अकरा मिनिटांत प्रत्येकीचा दिवा लागे. हिरवा म्हणजे निर्धास्त, पिवळा म्हणजे पुन्हा तपासा, लाल म्हणजे संपलं. आणि तो दिवा जसा वैजूला दिसे तसा त्याच क्षणी जिल्ह्यालाही दिसे. खोडायची सोय नव्हती.

लाल म्हणजे संपलं ते कसं, हे निगवडीनं शेजारच्या साळवणवाडीत पाहिलं होतं. यंत्र येऊन पाचच महिने झाले होते. तिथं एका गोठ्याचा दिवा लाल आला आणि एक किलोमीटरच्या आतली चौसष्ट जनावरं सुई देऊन मारली. जेसीबीनं खड्डा खणला होता. वैजू सरकारी माणसांबरोबर नोंदी करायला गेली होती. एक गाभण म्हैस ट्रॉलीतून उतरवताना ती सारखी मालकिणीकडे वळून बघत होती, एवढं एकच वैजूच्या डोक्यात पक्कं बसलं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर तिची धाकटी जाऊ अलका घाबरत घाबरत म्हणाली, "अक्का, आमच्या म्हशीचं दूध सकाळधरनं जरा घट्ट येतंय. उद्या डेअरीला घालू का नको?"

"अजिबात आणू नको," वैजू म्हणाली. "ज्या जनावराचा जरा जरी संशय वाटतोय त्याचं दूध मास्तरच्या तोंडाला लागूच द्यायचं न्हाई. घरी ठेव. तापव, विरजण लाव, पोरांना घाल. चार दिसांनी बरं झालं की मग आण."

ती म्हैस चार दिवसांनी खरंच बरी झाली. तिला साधी कासेची सूज होती. पण वैजूचा सल्ला या गोठ्यातून त्या गोठ्यात पोचला आणि महिन्याभरात गावाची रीतच पडून गेली. धडधाकट जनावराचं दूध डेअरीला, संशयाचं घरी. त्याला नावसुद्धा पडलं, 'घरचं'. उकळल्यावर विषाणू मरतो हे वैजूला पाठ होतं, त्यामुळं तिला यात काही वावगं वाटलं नाही. उलट तिनं गाव वाचवलं होतं. निगवडीत पोरं गोठ्यात पेला घेऊन बसतात आणि धारोष्ण दूध फेसासकट पितात, हे ती रोज डोळ्यांनी बघत होती. ते आठवायला मात्र तिला तीन वर्षं लागली.

या तीन वर्षांत डेअरीच्या भिंतीवर फळा लागला. 'निगवडी हिरवी. सलग दिवस –' आणि पुढं खडूनं आकडा. हौस चेअरमन बापूसाहेब खोतांची. तालुक्यातून पाहुणा आला की ते आधी फळ्यापाशी नेऊन उभा करायचे. माघातल्या त्या सोमवारी वैजूनं कालचा आकडा पुसला, एक हजार एकशे सव्वीस लिहिलं, हात झटकले आणि डेअरी बंद करून घरी निघाली.

दोघी जावांची घरं एकाच भिंतीची. दोघींचे नवरे गळीत हंगामामुळं कारखान्यावर, पंधरवड्यातून एकदा येणारे. वैजूला मूल नव्हतं. अलकाला सहा वर्षांची ओवी आणि चार महिन्यांचा मल्हार. पण ओवी कुणाची असं विचारलं तर ओवीच सांगायची, "सकाळी आईची, शाळंतनं आल्यावर थोरलीची."

गोठ्याच्या दारात वैजूला मांजर दिसलं. अलकाची ही करडी भाटी गावात प्रसिद्ध होती. धार काढताना ती समोर येऊन दोन पायांवर उभी राहायची आणि अलका सडातून नेमकी पिचकारी तिच्या तोंडात मारायची. आज ती जमिनीवर गोल गोल फिरत होती. फिरता फिरता भिंतीला धडकली, पडली, उठली आणि पुन्हा तशीच फिरू लागली. वैजूनं तिच्या डोळ्यांपुढं हात हलवला. तिला काही दिसत नव्हतं.

प्रशिक्षणात एक वाक्य दोनदा लिहून घेतलं होतं. जनावराच्या आधी गोठ्यातलं मांजर बघा.

"अलके, ही कुणाचं दूध पिती?"

"चंद्रीचं." चंद्री म्हणजे त्यांची जर्सी गाय, पंधरा दिवसांपूर्वी व्यालेली. "आठ दिस चीक होता, तो डेअरी घेतच न्हाई. पुढंबी पिवळटच येतंय म्हणून घरीच ठेवलंय. तुम्हीच सांगितलंय की, संशयाचं आणू नको म्हणून."

"ओवी कुठाय?"

"झोपलीय. अंग जरा कोमट लागतंय सकाळधरनं."

ओवी गोधडीत होती. डोळे उघडले तेव्हा ते लालबुंद होते. वरच्या ओठावर दुधाच्या फेसाची वाळलेली मिशी तशीच होती.

दुपारी वैजू चंद्रीच्या दुधाची नळी पदराआड घेऊन डेअरीत गेली. आतून कडी लावली. मास्तर सुरू केला. 'जनावराचा क्रमांक टाका,' अशी पाटी आली. तिनं नऊ आकडे टाकले आणि थांबली. गुपचूप तपासायची सोय नव्हती. बारावा आकडा पडला की थेंब फक्त तिचा राहणार नव्हता. गावात चारशे बारा जनावरं. प्रत्येकाच्या मालकिणीचं नाव तिला पाठ होतं.

तेवढ्यात कडी वाजली. बापूसाहेब. "भर दुपारी काय करतीस गं आत कोंडून?"

"धुणं-पुसणं," ती म्हणाली. "मास्तर घाण झाला होता."

"बरं केलंस. शनवारी पुण्याचं पाहुणं येत्यात. फळ्याला जरा नवा रंग मारूया म्हणतो."

ते गेल्यावर वैजूनं नळीतलं दूध मोरीत ओतलं, वर बादलीभर पाणी सोडलं आणि स्वतःला समजावलं की चीक उतरायला कधी कधी वेळ लागतो, मांजर विषारी उंदीर खाऊनही फिरतं, आणि पोरांना ताप येतच असतो.

मंगळवारी ताप एकशे तीनवर गेला. दोघी ओवीला घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेल्या. मल्हार अलकाच्या कडेवर. तिथले डॉक्टर ताम्हणकर तरुण होते, घाईत होते, पण माणूस चांगला. त्यांनी ओवीचे डोळे पाहिले, छाती ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, "गाव कुठलं?"

"निगवडी."

त्यांनी पडद्यावर नकाशा उघडला. दिवसातून चाळीसदा ते हेच करत. नकाशावर गावागणिक ठिपके होते आणि निगवडीचा ठिपका पोपटी हिरवा होता. त्यांचा चेहरा सैल झाला.

"अरे वा, तुम्ही तर आदर्श गाव. मग ते दुखणं नाही. साधा व्हायरल ताप आहे." मग थोडं थांबून ते म्हणाले, "कसं आहे ताई, त्या दुखण्यावर गोळ्या आहेत आमच्याकडे. पहिल्या दोन दिवसांत दिल्या तर गुण येतो, नंतर फारसा उपयोग नाही. पण साठा मोजका आहे. लाल-पिवळ्या गावच्या पेशंटलाच द्यायचा हुकूम आहे. गाव हिरवं असेल तर कपाटाचं कुलूपसुद्धा उघडत नाही. घरात कुणी डेअरीचं आहे का?"

"ह्या आमच्या जाऊबाईच यंत्र बघत्यात," अलका म्हणाली.

"मग तुम्हीच सांगा. काही संशय येण्यासारखं? जनावर आजारी, मांजरं वगैरे?"

अलकानं टेबलाखाली वैजूचा हात धरला. तो हात घट्ट दाबला गेला तेव्हा वैजूला वाटलं, ही म्हणतीय सांगू नका. पुढं कितीतरी दिवस ती हे आठवत राहिली. अलका कदाचित फक्त घाबरली होती. कदाचित म्हणत होती, सांगा.

"न्हाई," वैजू म्हणाली. "सगळं हिरवं हाय."

बुधवारी पहाटेच अलकाची हाक आली. "अक्का! ओवीचं ओठ निळं पडल्यात!"

वैजूनं ओवीला एकदाच पाहिलं. श्वासाबरोबर पोरीच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडत होते. रिक्षा बोलावून दोघींना दवाखान्याकडे लावून दिलं आणि ती स्वतः गोठ्यात शिरली. हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं. चंद्री निमूट उभी राहिली. डेअरीत बारा आकडे टाकून अकरा मिनिटं वैजू मास्तरसमोर हात जोडून बसली होती. कुणाला हात जोडलेत हे तिचं तिलाच माहीत नव्हतं.

दिवा लाल आला. इतका लाल तिनं प्रशिक्षणातही पाहिला नव्हता.

दोन मिनिटांत जिल्ह्याहून फोन. पशुवैद्यकीय अधिकारी डॉ. शबाना मुजावर. "वैजयंताताई, हे खरं आहे? तुमच्याकडं तर काल सगळं हिरवं होतं."

"काल पण लालच आलं असतं मॅडम. मीच मास्तरला दाखवलं न्हाई. ते समदं मागनं सांगते. तालुक्याला पोरगी हाय, ओवी मगदूम. आधी गोळ्यांचं कुलूप काढायला सांगा."

मग ती मारुतीच्या देवळात गेली आणि भोंग्याचा माईक हातात घेतला. त्या माईकवर गावात लग्नाची आमंत्रणं आणि हरवलेल्या शेळ्या पुकारतात. निगवडीनं तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

"मी वैजू बोलतीय. मगदुमाच्या चंद्रीचा दिवा लाल आलाय. ओवीला लागण झालीय. संशयाचं दूध घरी ठेवा म्हणून मीच तुम्हाला शिकवलं. ते चुकलं. आता जनावरं वाचायची न्हाईत, पोरं वाचवूया. ज्याच्या-ज्याच्या घरी घरचं दूध हाय त्यानं आत्ता घेऊन या. ज्याच्या गोठ्याचा दिवा लाल, त्याच्या पोरांना ताप यायच्या आधीच गोळ्या मिळत्यात. लपवू नका. पाया पडते."

अर्धा तास डेअरीच्या दारात चिटपाखरू नव्हतं. मग एक म्हातारी आली, पदराखाली तांब्या. तिच्या मागून दोघी. मग रांग लागली. रोज मोठ्या किटल्या घेऊन येणाऱ्या बायका आज तांबे, वाट्या, पेले घेऊन आल्या होत्या आणि एकमेकींकडे बघत नव्हत्या. प्रत्येकीला वाटत होतं, घरचं सध्या फक्त आपल्याच घरी आहे. एकतीस भांडी. रांगेच्या शेवटी बापूसाहेब होते. त्यांच्या हातात झाकणाचा डबा होता.

"आमच्याबी एका म्हशीचं," ते खाली बघून म्हणाले. "नातू पितोय."

एकतिसांपैकी सात लाल आले. सातवा बापूसाहेबांचा. ते फळ्यापाशी गेले, धोतराच्या सोग्यानं आकडा पुसला आणि तिथंच पायरीवर बसले. सात घरांतल्या अकरा पोरांना संध्याकाळच्या आत गोळ्या मिळाल्या. ती अकराही वाचली.

ओवीला गोळी मिळाली बुधवारी दुपारी तीनला. तिथून तिला कोल्हापूरला हलवलं. शुक्रवारी दुपारी ती गेली. तिचा बाप रसायनाच्या वासाच्या कपड्यांनिशी कारखान्यातून थेट पोचला, पण त्याला काचेबाहेरूनच बघावं लागलं. वैजूला तर काचेपर्यंतही जाता आलं नाही. ती गावात अडकली होती, रोज दोन वेळा मास्तर चालवत, कारण ते चालवायला दुसरं कुणी नव्हतं.

रविवारी सकाळी गावाच्या माळावर जेसीबी लागला. डॉ. मुजावर आणि त्यांची माणसं पांढऱ्या पोशाखात गोठ्यागोठ्यातून फिरत होती. बायका जनावरांना शेवटची पेंड घालत होत्या. चंद्रीला कालच नेलं होतं.

डेअरी रिकामी होती. वैजू सवयीनं टेबल पुसत होती. दारात अलका आली. तोंडाला मास्क, कडेवर मल्हार, हातात ओवीचा पितळी पेला. तिला घराबाहेर पडायची मनाई होती. तिलाही बारीक ताप येऊन गेला होता. गोळ्या सुरू होत्या, रक्त पुण्याला गेलं होतं आणि निकाल बुधवारशिवाय येणार नव्हता. तोवर पोराला अंगावर पाजू नका, असं मुजावर मॅडमनी बजावलं होतं. पावडरच्या दुधाचा डबा दिला होता.

शुक्रवारपासून दोघी बोलल्या नव्हत्या. भिंतीपलीकडून वैजूला मल्हारचं रडणं तेवढं ऐकू यायचं.

"पावडर तोंडात घेत न्हाई," अलका म्हणाली. "दोन दिस झालं. थुकतोय." तिनं पेला टेबलावर ठेवला. तळाशी दोन बोटं दूध होतं, पातळ, निळसर. गाईचं नव्हतं, म्हशीचंही नव्हतं. "हे तपासा."

वैजूला काही क्षण कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पेला हळूच आपल्याकडे ओढला.

"अलके, हे यंत्र जनावरांचं हाय गं."

"कासेतलं दूध त्याला कळतंय न्हवं? मग आईचं का कळू ने?"

धागा तोच, कात्री तीच. दूध कुणाचं याच्याशी मास्तरला देणंघेणं नव्हतं. वैजूनं हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, थेंब नळीत घेतला, झाकण लावलं. पडद्यावर पाटी आली. 'जनावराचा क्रमांक टाका.'

ती पाटी अलकानंही वाचली.

"चंद्रीचाच टाका," अलका म्हणाली. "ती काय आता तक्रार करणार न्हाई."

वैजूनं बारा आकडे टाकले. अकरा मिनिटं. मल्हार रडून रडून थकला आणि आईच्या पदराशी तोंड घुसळत राहिला. अलकानं त्याला दोनदा दूर केलं. बाहेर जेसीबीचा आवाज येत होता. सांगावं असं वैजूच्या मनात खूप होतं, त्या टेबलाखालच्या हाताबद्दल विचारावं असंही होतं, पण तिनं फडकं उचललं आणि पुसलेलंच टेबल पुन्हा पुसलं.

दिवा लागला. हिरवा.

वैजूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती वळून म्हणाली, "हिरवा हाय! अलके, हिरवा!"

अलका जागची हलली नाही. पदर तसाच घट्ट धरलेला. ती एकदा दिव्याकडे बघत होती, एकदा वैजूकडे.

"अक्का," ती म्हणाली, "ह्यो खरा हिरवा हाय?"

वैजूनं पडदा अलकाकडे फिरवला, पुन्हा स्वतः आकडे वाचले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग तोंडावरचं फडकं खाली केलं, म्हणजे तिचा चेहरा अलकाला नीट दिसेल.

"आजचा खरा हाय," ती म्हणाली. "उद्याचं मला ठाऊक न्हाई. मॅडमना आत्ता फोन लावते. त्या हो म्हणाल्या तरच पाज. आणि उद्या सकाळी परत घेऊन ये."

अलकानं मान हलवली. ओवीचा पेला उचलला, टेबलावरच्या फडक्यानं आतून-बाहेरून पुसला आणि मल्हारला तसंच रडत ठेवून पायरीवर फोनची वाट बघत बसली.